विहिणी निघाल्या डिस्टिलरीला

"मिस्टर निकम आणि मिस्टर इंगवले?" दारात उभ्या असलेल्या उंच, लालबुंद चेहऱ्याच्या गृहस्थाने हातातला कागद वाचून विचारलं आणि मग मान वर केली.

समोर आम्ही दोघी. अंगावर साडी, साडीवर स्वेटर, कानाला स्कार्फ, पायांत मुलांनी घेऊन दिलेले पांढरे बूट आणि विहीणबाईंच्या हातात दशम्यांचा डबा.

"मिस्टर निकम आजारी आहेत," मी इंग्रजीत सांगितलं. "मिस्टर इंगवलेसुद्धा."

"दोघेही? अरेरे. काय होतंय?"

"एकच आजार आहे दोघांना. त्यांच्याऐवजी आम्ही आलो तर चालेल ना?"

कराडच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण ते असं कुणाच्या कामी येईल असं वाटलं नव्हतं. गृहस्थ हसला. आपलं नाव ॲलिस्टर आहे, आज दिवसभर गाडी आणि माहिती दोन्ही तोच देणार आहे, आणि व्हिस्कीला बायका-पुरुष असा भेद कळत नाही, असं सांगून त्याने गाडीचं दार उघडून धरलं.

आजार म्हणजे अबोला. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. माझी अनघा आणि इंगवल्यांचा ऋतुराज दोघंही एडिंबरात नोकरीला होते आणि त्यांनी आपलं आपण जमवलं होतं. डिसेंबरात फलटणला लग्न करायचं ठरलं होतं. त्याआधी दोन्हीकडच्या आईबापांची ओळख व्हावी म्हणून मुलांनी जूनमध्ये आम्हा चौघांना आठ दिवस बोलावून घेतलं. दोन्ही वडलांना अधूनमधून एखादा पेग चालतो, तेव्हा दोघांना एका गाडीत घालून दिवसभर स्कॉटलंडच्या डिस्टिलऱ्या दाखवल्या की संध्याकाळी गळ्यात गळे घालून परत येतील, असा मुलांचा हिशेब. खास गाडी, खास गाइड, तीन ठिकाणं, मध्ये जेवण. सगळं आगाऊ ठरवलेलं.

पण आदल्या दिवशी जेवताना माशी शिंकली.

"मुलीचं नाव आम्ही ऋतुजा ठेवणार," बापूसाहेब इंगवले आमटी भुरकत म्हणाले. "ऋतुराज-ऋतुजा. पत्रिकेवर कसं शोभून दिसेल बघा."

"मुलीला नाव आहे," आमचे हे म्हणाले. हे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते आणि पाणी कुठे अडवायचं ते ह्यांना चांगलं कळतं.

"तसं नव्हे ओ, प्रतापराव. आमच्या घराण्यात सून आली की नवं नाव. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं लिहायचं. रीत आहे."

"मग तुमची रीत तुमच्या ताटात ठेवा."

अनघा हळू आवाजात म्हणाली की ती नाव बदलणार नाही. ऋतुराज तिच्या बाजूने काहीतरी बोलायला गेला, तर बापूसाहेबांनी त्याला गप्प केलं आणि म्हणाले, "नाव बदलायचं नसंल तर आमची पत्रिकाच छापायची नाही." ते ताटावरून उठले, हेही उठले. सकाळी दोघांनी एकमेकांच्या शेजारी गाडीत बसायला साफ नकार दिला.

पहाटे स्वयंपाकघरात अनघा माझ्याजवळ आली. रात्रभर रडलेली दिसत होती. "आई, मला ऋतुराज हवाय," ती म्हणाली, "आणि मला माझं नावही हवंय. दोन्हीतलं एक सोडायला लावू नकोस."

आता यावर आईने काय करायचं? दोन पुरुष फुगून बसलेले, तेव्हा विहीणबाईंना एकटं गाठायचं, एवढा एकच रस्ता मला दिसत होता. गाडी दाराशी येणारच होती. मी त्यांना म्हटलं, चला, आपणच जाऊ. त्यांनी कालवणाखालचा गॅस बंद केला, दशम्या डब्यात भरल्या आणि निघाल्या. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नाही, असं मला वाटलं आणि माझं काम सोपं आहे अशी मी स्वतःची समजूत करून घेतली.

पर्थच्या पुढे डोंगर सुरू झाले. विहीणबाई काचेला नाक लावून मेंढ्या मोजत होत्या. "एवढ्या मेंढ्या आणि धनगर कुठं दिसंना," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "विहीणबाई, एक विचारू? दारूची भट्टी बघायला कुणी एवढ्या लांब येतं का? आमच्याकडं ओढ्यापल्याड होती, पोलीस महिन्याला मोडून जायचे."

मी हे ॲलिस्टरला सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडेही दोनशे वर्षांपूर्वी तेच चालायचं, फक्त आता त्यासाठी तिकीट लावलंय.

पहिल्या डिस्टिलरीत शिरलो आणि विहीणबाई दारातच थांबल्या. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "मोड आणलेत कशाला तरी," त्या म्हणाल्या. "आणि नंतर भाजलंय. नाचणीचं सत्त्व करताना असाच वास येतो."

तिथल्या मुलीने नुकतंच तेच सांगायला तोंड उघडलं होतं. सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात कालवून ते पाणी गाळून घ्यायचं. ती हे सगळं सांगत गेली आणि विहीणबाई "हां, मग" असं म्हणत गेल्या, जणू शेजारणीकडून एखादी पाककृती ऐकतायत. पुढे दुमजली उंचीचं लाकडी पिंप होतं आणि त्यात ते पाणी आंबत होतं. वाकून वास घ्या म्हटल्यावर मी वाकले आणि नाकात झिणझिण्या येऊन मागे सरले. विहीणबाईंनी पदर नाकाला लावून शांतपणे वास घेतला आणि म्हणाल्या, "उद्यापर्यंत उतरवा म्हणावं, नाहीतर आंबट होईल."

"उद्या सकाळीच काढणार आहेत," ती मुलगी म्हणाली आणि ॲलिस्टरकडे पाहायला लागली.

"आणि उरलेल्या चोथ्याचं काय करतात?"

"आसपासच्या गाईंना घालतात."

"दूध वाढतं का, विचारा." फलटणला त्यांच्या गोठ्यात सहा म्हशी होत्या. ॲलिस्टरने मान खाजवली. इतकी वर्षं तो लोकांना इथे आणतोय, पण हा प्रश्न पहिल्यांदाच आला, असं म्हणाला. गाई आवडीने खातात एवढं नक्की, दुधाचं त्यांच्या मालकाला विचारावं लागेल.

शेवटी चव घेण्याची वेळ आली. आयुष्यात मी शाळेच्या प्रयोगशाळेतलं स्पिरिट तेवढं हुंगलं होतं. पण दोन छोटे पेले समोर मांडलेले, ती मुलगी आशेने बघतेय, आणि वाया घालवणं हे आम्हा दोघींच्याही रक्तात नाही. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि घोट घेतला. मला ठसका लागला. विहीणबाईंनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "खोकल्याच्या औषधापरीस बरं आहे."

दुसऱ्या डिस्टिलरीत त्यांनी न सांगता पाण्याचे दोन थेंब घालून घेतले आणि तांब्याच्या भांड्यांना कल्हई कोण करतं असं विचारलं. तिथून बाहेर पडेपर्यंत आमची चांगली गट्टी जमली होती. आता विषय काढावा, असं मी ठरवलं.

जेवायला नदीकाठच्या एका गावात थांबलो. ॲलिस्टर आम्हाला सूप आणि उकडलेले बटाटे आणून देऊन बाहेर गाडीत बसला. विहीणबाईंनी दशम्या काढल्या, लसणाची चटणी काढली.

"विहीणबाई," मी म्हटलं, "ते नावाचं. तुम्ही बापूसाहेबांना जरा समजवा ना."

त्यांचा हात थांबला. "त्यात काय समजवायचं? माझंही बदललं होतं. सगळ्यांचंच बदलतंय. नाव बदललं म्हणून माणूस बदलतं का?"

"बदलत नाही, मग नाव तरी कशाला बदलायचं?"

"आपलेपणा म्हणून. नवीन घर, नवीन नाव. प्रेमानंच करतात ते." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "आणि ऋतुजा नाव ह्यांनी नाही काढलं, मी काढलंय. ह्यांनी मला म्हटलं, तूच सुचव. तेहतीस वर्षांत ह्यांनी पहिल्यांदा मला काही विचारलं असंल. मी आठ दिवस वही घेऊन बसले होते. चाळीस नावं लिहिली, त्यातलं हे निवडलं."

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण शिक्षिकेला चूक दिसली की लाल पेन काढल्याशिवाय राहवत नाही. "तुम्ही चाळीस लिहा नाहीतर चारशे," मी म्हणाले. "माझी मुलगी अनघा आहे आणि अनघाच राहील. ते पटत नसेल तर हे लग्न राहू द्या."

बोलून गेले आणि जीभ चावली. सकाळी मुलीने मला दोन्ही सांभाळायला सांगितलं होतं आणि मी दुपारी एक मोडून ठेवलं होतं. विहीणबाईंनी डब्याचं झाकण लावलं. माझ्या वाट्याच्या दोन दशम्या तेवढ्या कागदावर काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि बाहेर जाऊन गाडीत बसल्या.

तिसऱ्या डिस्टिलरीपर्यंतचा रस्ता सुंदर होता असं ॲलिस्टर म्हणत होता. मला त्यातलं काहीही आठवत नाही. मी मनात एकच घोकत होते, की संध्याकाळी अनघाला काय तोंड दाखवू. माफी मागावी असं दहादा वाटलं, पण माफी मागायची म्हणजे नाव सोडायचं, असं मला तेव्हा वाटत होतं.

तिसरी जागा लहान होती, ओढ्याकाठी, पांढऱ्या भिंतींची. भांडी बघून झाल्यावर ॲलिस्टर आम्हाला मागच्या एका खोलीत घेऊन गेला. तिथे एक जुनं पिंप होतं, त्याला पितळी तोटी, शेजारी उंच टेबलावर जाडजूड नोंदवही आणि शाईचं पेन.

"हे तुमच्या मुलांनी आधीच ठरवून ठेवलंय," तो म्हणाला. "दोन्ही घरांना एकेक बाटली. पण ती तुम्ही आपल्या हाताने भरायची. मग वहीत नाव लिहायचं, आणि तेच नाव बाटलीवरच्या चिठ्ठीवर."

मी माझी बाटली भरली, बूच लावलं, वहीत उज्ज्वला निकम लिहिलं आणि बाजूला झाले. विहीणबाईंनी त्यांची भरली. दूध काढताना चरवीत धार धरावी तशी नीट, एक थेंब न सांडता. मग मला म्हणाल्या, दुपारनंतरचं त्यांचं हे पहिलंच वाक्य, "ह्यांचं नाव लिहायला सांगा त्यांना. बाटली ह्यांचीच आहे."

मी ॲलिस्टरला सांगितलं. तो नम्रपणे म्हणाला, "तसं चालत नाही, मॅडम. बाटली कुणीही पिऊ दे. वहीत ज्याने भरली त्याचंच नाव जातं. इथे आधीपासून असंच आहे."

"तुमचंच लिहा म्हणतोय," मी म्हटलं.

त्यांनी पेन हातात घेतलं. वहीवर टेकवलं आणि उचललं. परत टेकवलं. मला वाटलं, इंग्रजीत लिहायची भीती वाटतेय. "मराठीत लिहा," मी म्हटलं, "चालतं त्यांना."

त्यांनी लिहिलं. शाळकरी मुलीसारखं, सावकाश, रेघेला धरून. मग चिठ्ठीवर लिहिलं. मी वाकून वाचलं. द्वारका.

"हे कोण?" मी विचारलं.

"मी," त्या म्हणाल्या.

आम्ही बाहेर ओढ्याजवळच्या बाकावर बसलो. ॲलिस्टरने चहा आणून दिला आणि काहीतरी ओळखून तो लांब जाऊन उभा राहिला.

"आमचं माहेर शिंगणापूरच्या पायथ्याचं," विहीणबाई म्हणाल्या. "कदमांची द्वारका मी. ह्यांचं नाव रत्नाकर, म्हणून माझं रजनी केलं. अंगठीनं तांदळात लिहिलं आणि मला वाचायला सांगितलं. मी मान खाली घातली. सगळ्या बायका म्हणाल्या, लाजली. लाजले नव्हते ओ. कुणाचं नाव आहे तेच कळंना."

मी माझा कप बाकावर ठेवला.

"मग माहेरीही सगळे रजनीच म्हणायला लागले. जावयाचा मान. एकटी आई द्वारका म्हणायची, तेपण कुणी नसताना. आई जाऊन एकोणीस वर्षं झाली." त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. "लग्नानंतर आज पहिल्यांदा लिहिलं. तो म्हणाला भरणाऱ्याचं नाव, आणि हाताला रजनी येईनाच."

मला स्वतःची अशी लाज फार कमी वेळा वाटली आहे. कालपासून मी एका नावासाठी भांडत होते, आणि माझंही बदललं होतं असं ही बाई मला सरळ सांगत असताना, तुमचं मूळ नाव काय, एवढं विचारायचं मला सुचलं नव्हतं. माझ्या सासूबाईंनी माझं नाव बदललं नाही, कारण त्यांना नवीन नाव पाठ करायचा कंटाळा होता. त्या कंटाळ्याचे उपकार मला त्या बाकावर पहिल्यांदा कळले.

"दुपारी मी फार बोलले," मी म्हटलं. "मला क्षमा करा."

"तुम्ही बोलला ते बरं झालं. माझ्यासाठी कुणी एवढं बोललं नव्हतं, म्हणून राग आला." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि एकदम हसल्या. "आणि ते पिऊन माझं डोकं जरा हलकं झालंय. तेही असंल."

परतीच्या वाटेवर आम्ही दोघींनी ॲलिस्टरला लग्नातली विहिणींची गाणी म्हणून दाखवली. अर्थ विचारल्यावर मी सांगितलं की यात एक विहीण दुसरीला यथेच्छ नावं ठेवते. तो म्हणाला, आमच्याकडेही ठेवतात, पण चालीवर नाही.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे आठ वाजून गेले होते, पण जूनचे दिवस, खिडकीत लख्ख ऊन होतं. आमचे हे एका खोलीत आणि बापूसाहेब दुसऱ्या खोलीत असा दिवस गेला होता. साखर कुठे आहे, एवढं एकच वाक्य दिवसभरात दोघांमध्ये झालं, असं अनघाने मला दारातच सांगितलं. ती माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधत होती. जे काही होतं ते विहीणबाईंच्या पिशवीत होतं, आणि त्याचं त्या काय करणार हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

त्यांनी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि बूट सोडायला बसल्या. बापूसाहेब आले. राग असला तरी बाटली ती बाटली. त्यांनी ती उचलली, उजेडात धरली आणि चिठ्ठी वाचली.

"अगं, ही कुणाची उचलून आणलीस? हिच्यावर द्वारका लिहिलंय."

"माझीच आहे."

"मग ही द्वारका कोण?"

विहीणबाईंनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. "शिंगणापूरच्या कदमांची थोरली," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघायला आला होता तिला. तिनं पोहे दिले होते. तुम्ही दोनदा मागून घेतले."

बापूसाहेब बाटली धरून तसेच उभे राहिले. आमचे हे खोलीच्या दारात आले होते, मुलं स्वयंपाकघराच्या दारात. बापूसाहेबांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ दिसला, मग आठवल्यासारखं झालं, आणि मग जे आलं ते बघून मी नजर वळवली.

"तेहतीस वर्षांत एकदा बोलली नाहीस," ते म्हणाले.

"विचारलंत कधी?"

ते खुर्चीवर बसले. म्हणाले, "मग आता द्वारका म्हणू का?"

"नको. आता कुणी त्या नावानं हाक मारली तर मीच मागं वळून बघीन, कोण आलंय म्हणून. माझं झालं ते झालं. पण पोरीचं करू नका. ऋतुजा मी सुचवलं होतं, मीच मागं घेते."

बापूसाहेबांनी बाटली टेबलावर ठेवली. उठून खिडकीशी गेले आणि फलटणच्या छापखानेवाल्या हेंद्रेंना फोन लावला; पत्रिकेचा मजकूर त्यांच्याकडे आधीच देऊन ठेवलेला होता. फोन कानाला लावायची त्यांना सवय नव्हती, दोन्हीकडचं बोलणं सगळ्या घराला ऐकू जायचं. फलटणला तेव्हा रात्रीचा एक वाजायला आला होता. खूप वेळ घंटी वाजली.

"हेंद्रे, झोपला काय?"

"नाही, नाही, साहेब. बोला." पलीकडचा आवाज अंथरुणातून आलेला स्पष्ट कळत होता.

"पत्रिकेचं लिहून घ्या. नवरीमुलीचं नाव अनघा. प्रतापराव निकम साहेबांची अनघा. ऋतुजा खोडा."

अनघाने ऋतुराजचा हात धरला. आमच्या ह्यांनी उगाच चष्मा पुसायला काढला.

"बरं, साहेब. सकाळी करतो."

"थांबा. खाली आमची नावं आहेत ना, सौ. रजनी आणि रत्नाकर इंगवले? त्यातलं रजनी काढा आणि द्वारका घाला."

"साहेब," हेंद्रे जपून म्हणाले, "रागवू नका, तिकडं जरा जास्त झाली का?"

"बाटली अजून उघडलीसुद्धा नाही."

"नाही, म्हणजे, ही द्वारका कोण?"

बापूसाहेबांनी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून बुटांच्या नाड्या पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या.

"आमची मंडळी," ते म्हणाले. "नीट छापा. तेहतीस वर्षं चुकत आलंय."